पंचवीस मायक्रॉनचा माणूस

भुजंगमामाला रामराम घालायचा तर जरा विचार करून घालावा. दोन्ही हात जोडले तर म्हणतो, "टिंगल करायलास का बे?" नुसती मान हलवली तर म्हणतो, "हात काय घरी ठिवून आलास?" आणि गडबडीत रामराम राहूनच गेला, तर मग संपलंच. दिवसभर तो तुमच्याकडं बघणार नाही, तुम्ही काही विचारलं तर भिंतीला उत्तर देणार, आणि चहा आला की "मला न्हाई लागत" म्हणून कप बाजूला सरकवणार. थोड्या वेळानं त्याच कपाकडं बोट दाखवून "बघा, मला गार चहा" म्हणून नव्यानं रुसणार.

परभणीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. आमचा म्हणजे कल्याणअप्पांचा. मी तिथं बिलं करतो, गाड्या भरून देतो आणि उरलेल्या वेळात भुजंगमामाचा रुसवा काढतो. पहिल्या दोन कामांचा पगार मिळतो.

आम्ही मल्चिंग पेपर काढतो. पेपर नुसता नावात, बाकी कागदाचा आणि त्याचा काही संबंध नाही. टरबुजाच्या, मिरचीच्या बेडवर अंथरलेली ती चंदेरी पन्नी पाथरीच्या रस्त्यानं जाताना तुम्ही पाहिली असेल. लांबून वाटतं, रानात कुणी पाणी सोडलं आणि बंद करायचं विसरून गेलं. वरून चंदेरी, खालून काळी. ऊन परतवते, तण दाबते, ओल धरून ठेवते. जाडी पंचवीस मायक्रॉन. म्हणजे किती, तर डोक्याचा एक केस उपटा आणि त्याचे उभे तीन भाग करा, त्यातला एक. गेंड्याच्या कातडीची माणसं आपल्या जिल्ह्यात पायलीला पन्नास सापडतील. पंचवीस मायक्रॉनच्या कातडीचा मी हा एकच पाहिला.

मामा मूळचा राणीसावरगावचा. आधी कापसाच्या जिनिंगवर होता. अप्पांनी कापडाचं दुकान भावाच्या हवाली करून हे मशीन आणलं तेव्हा मशीनबरोबर आलेल्या कारागिराच्या मागं मामा सावलीसारखा फिरला, शिकला, आणि कारागीर परत गेल्यावर खालचा ताबा त्यानं घेतला तो घेतलाच. अंगानं काटकुळा, मिशा रंगवलेल्या, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे डाग. आजूबाजूच्या कारखान्यांत त्याला फुगेवाला म्हणतात. ते पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा, "मी काय जत्रंत फुगे विकतो का?" म्हणून तो आठवडाभर मागच्या दारानं यायचा.

पण नाव खोटं नाही. आमच्या कारखान्यात सगळा खेळ फुग्याचाच आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं रामायण कळायचं नाही.

साबुदाण्याएवढा प्लास्टिकचा दाणा पोत्यांतून येतो. तो मशीनच्या डोक्यावर हॉपरात ओततात. पेरणीच्या तिफणीचं चाडं असतं ना, तसंच ते, फक्त मोठं. खाली तोफेसारखी आडवी नळी, तिच्या अंगाभोवती हीटरचे पट्टे, आणि आत एक लांबच लांब स्क्रू फिरत असतो. तो दाण्याला ढकलतो, रगडतो, वितळवतो आणि पुढं रेटतो. घरी सोऱ्यातून शेव पाडतात तेच हे. फरक एवढाच की सोऱ्यातली शेव खाली पडते आणि आमची वर जाते. अशा नळ्या दोन; एका अंगानं चंदेरी रस, दुसऱ्या अंगानं काळा, असे दोन्ही एका लोखंडी गोलात येतात. त्याला डाय म्हणतात. डायच्या तोंडाला गोल, केसासारखी बारीक चीर. तीतून रस बाहेर येतो तो नळीसारखा, आणि त्या नळीत आतून हवा भरली की तिचा फुगा होतो. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा रुंद, दोन मजले उंच, सरळ वर चढत जाणारा. बाहेरून रिंगेतून गार हवा मारून त्याला आकसवतात. पार वर माळ्यावर दोन रबरी रोल असतात, ते फुग्याला दाबून चपटा करतात, मग तो पलीकडून खाली येतो, दोन्ही कडा पात्यानं कापतात, आणि एका फुग्यातून दोन पन्न्या गुंडाळल्या जातात.

चालू फुगा बघायला फार देखणा असतो. डुलतो, चमकतो, पण जागा सोडत नाही. मामा त्याच्यासमोर मागं हात बांधून उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडावर जे समाधान असतं, ते मी त्याच्या स्वतःच्या पोराच्या बारावीच्या निकालाला पाहिलं नाही. तेव्हाही तो रुसलेलाच होता. पेढा त्याला तिसरा मिळाला म्हणून.

गोची आहे ती फुगा पहिल्यांदा उभा करण्यात. ते एका माणसाचं काम नाही. डायमधून रस यायला लागला की खालच्यानं जाड हातमोजे घालून तो गोळा करायचा, त्याचं तोंड आवळायचं आणि वरून सोडलेल्या दोरीला बांधायचं. वरच्यानं माळ्यावरून दोरी हळूहळू ओढायची. खालच्यानं बेतानं हवा सोडायची. आवळलेलं तोंड रोलांच्या मधून पार झालं की वरच्यानं रोल दाबायचे. लवकर दाबले तर गाठ अडकून फुगा फाटतो. उशिरा दाबले तर हवा निसटते आणि सगळा गरम लगदा डायवर येऊन बसतो. मग तो पितळी पट्टीनं खरवडा, डाय पुसा, पुन्हा पहिल्यापासून. मधे दोन मजल्यांचं अंतर आणि ब्लोअरचा घरघराट, त्यामुळं दोघांनी घसा ताणून एकमेकांना सांगावं लागतं. ओढ, थांब, दाब. शब्द तीनच आहेत. पण ते बोलावे लागतात.

आणि माळ्यावरचा माणूस म्हणजे माणिकराव. भुजंगमामाचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मामानंच त्याला इथं आणला, मामानंच शिकवला. आणि मार्गशीर्षापासून दोघांची बोलचाल बंद.

झालं काय, तर माणिकरावच्या प्रियांकाचं लग्न. आपल्याकडं अक्षता पडायच्या आधी फेटे बांधायचा कार्यक्रम असतो. स्पीकरवरून एकेकाचं नाव पुकारायचं, तो माणूस "कशाला, कशाला" म्हणत स्टेजवर येणार, डोक्याला गुलाबी फेटा बांधून घेणार, फोटो काढणार, आणि खाली उतरल्यावर जेवण होईस्तोवर मान ताठ ठेवून चालणार. मुहूर्त टळला तरी चालतो, फेटा टळलेला चालत नाही. त्यात भुजंगमामा त्या घरचा थोरला जावई. पहिल्या पाचांत त्याचं नाव यायलाच पाहिजे होतं.

शहाणा माणूस अशा वेळी पहिल्या रांगेत खुर्ची धरतो. मामा बसला पार मागं, पाण्याच्या जारजवळ, खांबाआड. मी म्हटलं, "मामा, पुढं चला की, दिसणार न्हाई तुमी."

"मानाच्या माणसाला हुडकत यावं लागतं," मामा म्हणाला. "पुढं बसतेत ते हापापलेले."

हुडकत कुणी आलं नाही. स्पीकरवरचा माणूस भाड्याचा, त्याला खांबाआडचा जावई काय दिसणार? सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले, मंडपवाल्याचा चुलता झाला. शेवटचा फेटा सरपंचांची जीप चालवणाऱ्या पोराला गेला, आणि "लागलीच मंगलाष्टका" अशी घोषणा झाली. माणिकराव तेव्हा मुलीचा बाप म्हणून आचाऱ्याच्या आणि भटजीच्या मधे धापा टाकत होता. त्याला आपल्या डोक्यावर काय आहे तेच ठाऊक नव्हतं, तर दाजींच्या डोक्यावर काय नाही ते कुठून ठाऊक असणार?

पंगतीला बसवताना त्याच्या लक्षात आलं. आणि गडी घाबरून बोलून गेला, "दाजी, तुमी तर घरचेच. घरच्या माणसाला काय पुकारायचं?"

झालं. मामा पाटावरून उठला. "सतरंज्या झटकायला घरचा. बुंदी पाडायला घरचा. जीपच्या डायवरला फेटा, अन् जावई घरचा!" म्हणाला, आणि भरलेल्या ताटाला हात न लावता निघून गेला. त्याच दुपारी गंगाखेडच्या स्टँडवर तो वडे खाताना दोघातिघांना दिसला, ती गोष्ट वेगळी.

पण लेकीच्या लग्नाच्या पंगतीतून दाजी उपाशी उठला, हे माणिकरावच्याही काळजाला लागलं. "फेटा राहिला, कबूल. पण लेकराच्या अन्नावरनं उठायचं?" असं म्हणून त्यानंही तोंड शिवलं. खानदानात पन्नी एकाच जाडीची निघते.

तेव्हापासून आमचे हाल सुरू झाले. रोज बोलायची गरज पडत नाही, कारण एकदा उभा राहिलेला फुगा दिवसचे दिवस उभा राहतो. पण परभणीत लाईट दिवसचे दिवस राहत नाही. लाईट गेली की फुगा बसला. लाईट आली की हीटर तापेपर्यंत थांबा, नळीत करपलेला माल बाहेर काढा आणि मग त्या दोघांच्या तोंडाकडं बघा. सुरुवातीला सवयीवर भागायचं. दहा-बारा वर्षं एकत्र काम केलेली माणसं. अंदाजानं ओढायचे, अंदाजानं दाबायचे. चारदा फाटायचा, पाचव्यांदा उभा राहायचा. अप्पा कोपऱ्यात वाढत चाललेल्या लगद्याच्या ढिगाकडं बघायचे आणि कपाळावरचं भस्म पुसलं जाईल इतक्या जोरानं कपाळ चोळायचे.

मग आला जानेवारी, आणि पाथरीकडच्या सविताताई.

सविताताई स्वतः शेती करतात. त्यांनी टरबुजाचे बेड पाडून ठेवले होते, ठिबकच्या नळ्या अंथरल्या होत्या, रोपवाटिकेतून रोपं आणून झाली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या बाया सांगून झाल्या होत्या. राहिली होती ती आमची पन्नी. आम्ही सांगितलेला दिवस लाईटीनं खाल्ला होता, म्हणून त्या सकाळीच छोटा हत्ती घेऊन कारखान्याच्या दारात आल्या, आणि शेडच्या तोंडाशी दाण्याच्या पोत्यावर बसल्या.

"रोपं टरेमधी लांबडी व्हायलीत," त्या म्हणाल्या. "आज पन्नी घेतल्याबिगर मी हितनं उठत न्हाई. मला काय घाई न्हाई. पण रोपांला हाय."

हीटर तापले. मामानं हातमोजे चढवले. माणिकराव शिडीनं माळ्यावर गेला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

पहिला फुगा लवकर दाबला आणि फाटला. दुसरा उशिरा दाबला आणि बसला. गरम लगद्याचा शेवाळासारखा ढीग डायवर पडला. मामानं तो खरवडला, आणि खरवडता खरवडता डायला ऐकवलं, "काही लोकांला डोळे असून उपेग न्हाई."

माळ्यावरून माणिकराव पत्र्याला म्हणाला, "काही लोकांला हवा कुठं सोडावी ते कळंना, अन् गप्पा दुनियेच्या."

"तुमी एकमेकांला सांगत का न्हाई ओ?" सविताताईंनी विचारलं.

मी त्यांना फेट्याचं सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग मामाकडं, मग आपल्या गाडीकडं. "माझी टरबुजं फेट्यापायी आडली का?" त्या म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला अप्पांनी मला मधे उभं केलं. मी शिडीच्या मध्यावर, वर एक, खाली एक.

"त्याला सांग, ओढ म्हणावं," मामा.

"माणिकराव, ओढा!"

"वढायलोच की. त्यान्ला सांग, हवा कमी करा."

"मामा, हवा कमी!"

"मला कळतंय हवेचं! त्याला विचार, हवा कुणी शिकवली तुला?"

"हे आता विचारू का मामा?"

"विचार!"

"माणिकराव, हवा कुणी…"

एवढ्यात फुगा माझ्या कानाजवळून फाटला. माझ्या शर्टाची बाही अजून तशीच आहे, चंदेरी आणि काळी. गरम प्लास्टिक निघत नाही.

चौथ्या खेपेला मी शिट्टी आणली. एक शिट्टी ओढ, दोन थांब, तीन दाब. माणिकराव वरून म्हणाला, "मी काय शेळी हाय का?" मामानं शिट्टी हातात घेतली, शर्टाला पुसली, पुन्हा पुसली, आणि परत दिली. "उष्टी हाय," म्हणाला. कोऱ्या पाकिटातून काढलेली शिट्टी!

दुपारी धुरपतामामी डबा घेऊन आल्या. भुजंगमामाची बायको, माणिकरावची बहीण. दोघांचा डबा त्याच आणतात, कारण माणिकरावची बायको लेकीच्या लग्नानंतर आजारानं माहेरी आहे. दोन्ही डबे त्यांनी फरशीवर ठेवले, कोपऱ्यातला ढीग पाहिला, पोत्यावर बसलेल्या सविताताईंना पाहिलं, आणि काय ते समजल्या.

"एक नवरा, एक भाऊ," त्या सविताताईंच्या शेजारी टेकत म्हणाल्या. "मी सकाळच्यापारी एकाला इचारते भाकर देऊ का, तर तो भितीला सांगतो दे म्हणून. राती दुसऱ्याच्या घरी डबा द्यायला जाते तर तो कुत्र्याला सांगतो ठिव म्हणून. माझ्याशी तर कुणाचं भांडान न्हाई ना? मग माझ्याशी का भितीतनं बोलतेत?"

"तुमी कुणाच्या बाजूनं?" सविताताईंनी विचारलं.

"मी झोपायच्या बाजूनं, बाई. दोगंबी घोरतेत तवाच बरे वाटतेत."

मामानं डबा उघडला नाही. वर माणिकरावनंही उघडला नाही. दोघांच्याही पोटात कावळे ओरडत होते, पण आधी खाणार कोण? आधी खाईल तो हरला.

आणि मग अप्पा ऑफिसातून बाहेर आले. कल्याणअप्पा रागावत नाहीत, हीच त्यांची भीती. कापडाच्या ताग्यांमधे वाढलेला माणूस; गिऱ्हाईक पन्नास साड्या उलगडायला लावून एकही न घेता गेलं तरी "या पुन्हा" म्हणणारा. ते डायजवळ आले, कोपऱ्यातल्या ढिगातला एक तुकडा उचलला, सवयीनं बोटांत धरून कापडासारखा चोळला, आणि टाकून दिला.

"भुजंग," ते म्हणाले, "माणिक, तू पण ऐक. गुजरातेतला एक ऑपरेटर यायला तयार हाय. तो म्हणतो, मी माझी माणसं घेऊन येतो. मी त्याला थांब म्हणलो होतो. आज दिवस मावळायच्या आत फुगा उभा राहिला तर त्याला न्हाई म्हणून सांगतो. न्हाई राहिला तर तुम्ही दोघं घरी बसा, मजेत. एकमेकांकडं बघायची पण गरज न्हाई."

एवढं बोलून ते आत गेले. दार हळूच लावलं.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. जिनिंगवर परत जायचं त्याचं वय राहिलं नाही आणि दुसरं काही त्याला येत नाही, हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट त्याला लागली, ती त्याच्या डोळ्यांत दिसली. तो डायकडं बघत होता. दुसरा कुणी परका माणूस इथं उभा राहून, ह्याच डायवरून, फुगा चढवणार. मागं हात बांधून बघत उभा राहणार. मामानं पितळी पट्टी घेतली आणि डायची चीर इतक्या हळुवार हातानं पुसायला लागला की धुरपतामामी सविताताईंना म्हणाल्या, "माझ्या तान्ह्याला कधी अशी आंघोळ घातली न्हाई ह्यांनी."

मला वाटलं, आता तरी बोलेल. वरून माणिकरावही कठड्याला टेकून वाट बघत होता, मी स्वतः पाहिलं. एक "माणिक" म्हटलं असतं तरी पुरे होतं. मामानं तोंड उघडलं, आणि मला म्हणाला, "दोरी सोड म्हणावं."

मी हात टेकले. "दोरी सोडा," मी वर सांगितलं, आणि लांब जाऊन उभा राहिलो. शर्ट एकच होता.

दोरी खाली आली. मामानं रस गोळा केला, तोंड आवळलं, बांधलं. दोरी चढायला लागली. आणि काय सांगू, त्या दिवशी मामाच्या हाताला काहीतरी वेगळंच होतं. नळी अशी सरळ वर निघाली की सुतार ओळंबा लावून बघेल. हवा थोडी, अजून थोडी. काळा आणि चंदेरी, दोन्ही अंगं एकसारखी. सविताताई पोत्यावरून उठल्या. फुगा माळ्याच्या उंचीला पोचला, गाठ रोलांच्या तोंडाशी गेली, आत शिरली, पार झाली.

आणि माणिकराव दाबेना.

तो हँडलवर हात ठेवून उभा. सकाळी लवकर दाबल्याबद्दल डायच्या आडून ऐकून घेतलं होतं, उशिरा दाबल्याबद्दलही ऐकलं होतं. आता सांगितल्याशिवाय दाबायचंच नाही असं त्यानं मनाशी ठरवलेलं. मानी माणूस. खाली मामा हवेच्या कॉकवर हात ठेवून, मान वर करून उभा. फुग्याचं अंग एका बाजूनं जरासं आत गेलं. मग अजून जरासं. डोळ्यांदेखत हवा निसटायला लागली. असला सुंदर फुगा त्या शेडमधे मी तरी पाहिला नव्हता, आणि तो बसायला निघाला होता.

मामाच्या घशातून आधी नुसताच आवाज आला. मग बांध फुटला.

"अय रेड्या! दाब की! दाब मुडद्या! काय लगीन लावायलास का वर उभं राहून! दाऽऽब!"

माळ्यावर हँडल फिरलं. रोल मिटले. आणि वरून तितक्याच जोरानं आलं, "डोळे फुटले का ओ तुमचे! हवा कमी करा की! म्हतारपणी अक्कल गहाण टाकली का तुमी!"

शिव्या देतानाही त्याचं अहो-जाहो सुटलं नाही. थोरला दाजी आहे शेवटी.

"तू मला अक्कल शिकीवतो का, शेंबड्या! कडा बघ, कडा! उजवी कडा खायलीय!"

"दिसायलीय मला! तुमीच रिंग वाकडी लावली आसंल!"

"वाकडा तू! तुझं खानदान वाकडं!"

"माझ्या खानदानात तुमची बायकोबी येती, दाजी! समजून बोला!"

धुरपतामामींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, कळलं नाही. फुगा एकदा डुलला, सावरला, आणि उभा राहिला. सरळ, भरलेला, चंदेरी. पलीकडून पन्नी खाली आली, पाती लागली, दोन गुंडाळ्या फिरायला लागल्या. अप्पा दाराच्या फटीतून बघत होते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि गुजराती माणसाला हिंदीत "अभी नक्को" म्हणून सांगितलं.

मी पळत मामाकडं गेलो. म्हटलं, एवढी चांगली वेळ परत यायची नाही. "मामा, बोललात की ओ! मिटलं एकदाचं!"

मामानं हातमोजे काढले. माझ्याकडं असं पाहिलं जसं मीच त्याचा फेटा नेलाय.

"कोण बोललं?"

"तुमी. आत्ता. माणिकरावला."

"ते बोलणं हाय का? शिव्या दिल्या मी. शिव्या तर मी बैलालाबी देतो. बैलाशी बोलतो का मी?"

मी शिडीनं वर गेलो. माणिकराव डबा उघडून जेवत होता. तो आधी जेवायला बसला म्हणजे बहुतेक हरला, असं मी धरून चाललो. "माणिकराव, आता बोला दाजींशी."

"ते बोलले का?" त्यानं घास तोंडात ठेवून विचारलं.

"ते म्हणतात, बोललो नाही."

"मग मी कसा बोलू? मीबी न्हाई बोललो."

सविताताईंच्या गुंडाळ्या दिवस मावळायच्या आत निघाल्या. गाडी भरून झाल्यावर त्या मामाजवळ आल्या आणि दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, पन्नी झकास झाली. पर पुढल्या साली मी येईन तवा सकाळीच शिव्या सुरू करा. माझा दिवस गेला."

मामाला ती स्तुती वाटली की टोमणा, हे अजून ठरायचंय. तो त्यावर विचार करतोय, एवढं त्याच्या तोंडावरून दिसतं.

आता कारखाना सुरळीत चालतो. लाईट जाते, लाईट येते, हीटर तापतात. मामा खाली, माणिकराव वर. दोरी सुटते, नळी चढते, आणि शेडमधे असा काही गदारोळ उठतो की शेजारच्या कारखान्यातले लोक जेवता जेवता थांबतात. पहिल्या झटक्यात फुगा उभा राहतो. उभा राहिला की शेड पुन्हा चिडीचूप. एक डायशी बोलतो, दुसरा पत्र्याशी. रेडा म्हणजे ओढ, मुडदा म्हणजे दाब, हे मलाही पाठ झालंय. ढीग वाढायचा थांबला म्हणून अप्पा खूश आहेत. मी एकदा त्यांना म्हटलं, "अप्पा, तुमी एकदा बसवून मिटवा ना दोघांचं." तर म्हणाले, "मिटलं आणि गोडीनं बोलायला लागले तर फुगा कोण उभा करील?"

परवा जिंतूरकडचं एक नवं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं, सोबत म्हातारी आई. दोघं ऑफिसात टेकतात न टेकतात तोच शेडमधून "अय रेड्या!" सुरू झालं, मागोमाग दुसऱ्याचं खानदान निघालं. म्हातारीनं पिशवी पोटाशी धरली. तिचा मुलगा उठून उभा राहिला. म्हणाला, "अप्पा, मारामारी लागली वाटतं. पोलिसांला फोन लावू का?"

अप्पांनी पंचवीस मायक्रॉनचा नमुना त्याच्या हातात दिला, बोटानं चोळून बघायला सांगितलं, आणि चहा मागवला.

"बसा, बसा," ते म्हणाले. "मशीन चालू करायलेत."